कानस

तुटली तेव्हा आवाज झाला नाही.
मोटर फिरत राहिली, हाताला फक्त
केसाएवढं हलकं वाटलं.
बाहेर काढून पट्टीवर धरली: बावीस मिलिमीटर.
असायला हवी होती पंचवीस.
उरलेले तीन व्हारलामच्या दाढेत,
वरच्या, डावीकडच्या, मुळाच्या वळणापाशी.

कुताइसीत नोव्हेंबर होता. खिडकीखाली रिओनी
पांढऱ्या खडकांवर अंग घासत चाललेली.
आणि मी, त्बिलिसीहून सहा महिन्यांपूर्वी
निकेल-टायटॅनियमचा अख्खा संच घेऊन आलेला,
हातांचा जमाना संपला असं चारचौघांत म्हणणारा,
हिरव्या रबरी पडद्यातून वर आलेल्या
एका उघड्या दाढेकडे बघत बसलो.

व्हारलामला सांगितलं. सांगावंच लागतं.
त्याने भुवया उडवल्या,
जणू कोणाची तरी बादली विहिरीत पडली
आणि ती त्याची नव्हती.

मग त्सिआलाबाई आल्या.
माझी मोटर त्यांनी बाजूला सारली, रागाने नाही,
ताटातली मिरची सारावी तशी.
"आठ नंबर," म्हणाल्या.
राखाडी मूठ, नखाएवढी, आणि पुढे
आहे की नाही अशी तार.
चिमट्याने तिचं टोक वाकवलं,
शेवटचा एकच मिलिमीटर,
आणि रबरी टिकलीची खूण वाकाच्या दिशेला फिरवली,
आत गेल्यावर ती कुठे बघते आहे ते कळावं म्हणून.

मग डोळे मिटले.

त्र्याण्णव साली या गावात वीज
पाहुण्यासारखी यायची, न सांगता जायची.
रॉकेलच्या स्टोव्हवर सुया उकळून
त्यांनी तेव्हा किती मुळं साफ केली, मोजलेली नाहीत.
"दिवा असला तरी दाढेत कुठवर पोचतो?" त्या म्हणाल्या.
"आत जेवढा अंधार, तेवढाच बाहेर होता.
बोटांना काही फरक पडला नाही."

पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे,
घड्याळाला चावी द्यावी तसं,
पण ज्याची स्प्रिंग शेवटच्या वेढ्यावर आली आहे
अशा घड्याळाला.
"ढकलू नकोस. विचार.
धातू असेल तिथे टक्क लागेल.
दात असेल तिथे खरखर.
तिसरं काही लागलं, चिकटल्यासारखं,
तर थांब. तीच वाट."

वीस मिनिटं. पोहण्याच्या तलावाचा वास,
माझी पिचकारी, त्यांचा श्वास.
कानशीचे कान बोटांत असतात
हे पाच वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं होतं आणि मी तेव्हा
कॅटलॉग चाळत होतो.

मग यंत्र वाजलं. फोटोत दिसलं,
माझा तुकडा, आणि त्याच्या कडेने
गर्दीतून वाट काढत गेलेली
एक बारीक रेघ.
"धर," त्या म्हणाल्या. "बाहेर काढू नकोस. नुसती हलव."
मी हलवली.
काहीतरी होतं. काय, ते सांगता येणार नाही.

पडदा काढल्यावर व्हारलाम अर्ध्या ओठाने बोलला.
त्याचं काम रांजण साफ करण्याचं,
वाइनचे, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले,
चेरीच्या सालीच्या ब्रशाने, लांब दांड्यावर, न बघता.
"तळाशी काही राहिलं
तर द्राक्षं लगेच बोलत नाहीत. वसंतात बोलतात.
गेल्या वर्षी माझाही ब्रश निसटला होता आत.
नातवाचे पाय धरून खाली सोडला त्याला."
माझ्याकडे बघत राहिला जरा वेळ.
"तुमच्याकडे तेवढा बारीक नातू नसेल."

त्सिआलाबाई हसल्या. मी पावती लिहीत होतो.

ती बावीस मिलिमीटरची फाइल माझ्या खणात आहे.
सोमवारी दवाखाना बंद झाला की
उपटलेल्या दाढांची बरणी घेतो,
आठ नंबर घेतो, डोळे मिटतो.
खरखर. खरखर. टक्क तर घरी बसूनही ओळखेन.
परवा एकदा, बहुतेक,
तिसरं काहीतरी लागलं.

मी थांबलो.